डब्बा आपला, पण नुसखा कोणाचा?

गेल्या रमजान महिन्यातील गोष्ट आहे. राजापेठेतील आमच्या ओळखीच्या एका किराणा व सुक्या मेव्याच्या दुकानात असरच्या नमाजनंतर गिऱ्हाइकांची एकच झुंबड उडाली होती. खजूर, शेवया, बेसन, साखर. काट्यावर माल पडत होता आणि शेजारच्या छोट्या डब्ब्यातून बिले निघत होती. तेवढ्यात वीज गेली आणि दहा मिनिटांनी परत आली. डब्बाही सुरू झाला. पण पहिलेच बिल हातात घेऊन काउंटरवरचा पोरगा ओरडला, "भाई, हे पाहा! माह्या बापाच्या लग्नाआधीचं बिल निघून राह्यलं!" बिलावर तारीख होती १ जानेवारी १९७०.

सगळे हसले. दुकानदार मात्र हसला नाही. जीएसटीच्या बिलावर खरी तारीख आणि ओळीने क्रमांक असावाच लागतो. त्याने डब्बा विकणाऱ्याला फोन लावला. तो परगावचा होता. चार वर्षांपूर्वी डब्बा बसवून गेला होता. फोन लागला नाही, नंतरही कधी लागला नाही. त्या आठवड्यात दुकानाची इंटरनेटची लाइन बंद होती. ती सुरू होताच तारीख आपोआप ठीक झाली आणि मंडळी प्रकरण विसरली. पण ईदच्या दोन दिवस आधी पुन्हा वीज गेली, आणि या वेळी डब्बा उठलाच नाही. आतले मेमरी कार्ड बिघडले होते. त्याची नक्कल कोठेही नव्हती. चार वर्षांची उधारी त्याच कार्डावर होती.

दुकानदाराने लाल खातेवही केव्हाच बंद केली होती. काही गिऱ्हाइकांनी इमानदारीने आपल्याकडची रक्कम स्वतः येऊन सांगितली. अल्लाह त्यांना त्याचे फळ देवो. बाकीच्या रकमेवर पाणी सोडावे लागले. सूरह बकरामध्ये उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची स्पष्ट ताकीद आहे. आपल्या भावाने व्यवहार लिहिला होता, पण ज्या जागी लिहिला त्या जागेची किल्ली त्याच्या हातात नव्हती. आज आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांपुढे आम्ही हाच प्रश्न मांडत आहोत. डब्बा आपण पैसे मोजून घेतो. त्याचा नुसखा कोणाकडे असतो?

डब्ब्याच्या आत काय असते?

वरचे झाकण काढले तर आत पत्त्याच्या कॅटएवढी एक हिरवी पाटी दिसते. प्रोसेसर, मेमरी, पडद्याची व यूएसबीची तोंडे, सगळे त्या एकाच पाटीवर. याला सिंगल बोर्ड कॉम्प्युटर म्हणतात. इंग्लंडमधील 'रास्पबेरी पाय' ही पाटी २९ फेब्रुवारी २०१२ रोजी बाजारात आली, तेव्हा तिची किंमत ३५ डॉलर होती. २०१३ साली 'बीगलबोन ब्लॅक' ही दुसरी पाटी ४५ डॉलरला आली. तिचा पूर्ण नकाशा कोणालाही पाहण्यास खुला आहे. अशा पाट्या आज बिलाच्या मशीनमध्ये, कापड कापण्याच्या यंत्रात, हजेरीच्या डब्ब्यात आणि जाहिरातीच्या पडद्यामागे बसलेल्या आहेत. आपल्या कितीतरी बांधवांच्या दुकानात असा संगणक आहे आणि त्यांना त्याचा पत्ताही नाही.

पण पाटी म्हणजे रिकामे दुकान. दुकान चालण्यासाठी चार गोष्टी लागतात. सकाळी शटर उघडणारा नोकर हवा. त्याला येथे बूटलोडर म्हणतात. सगळा कारभार पाहणारा मुनीम हवा. तो म्हणजे कर्नल, आणि बहुतेक डब्ब्यांत तो लिनक्स असतो. कोणती वस्तू कोठे ठेवली आहे याची यादी मुनिमाच्या हातात हवी. तिला डिव्हाइस ट्री म्हणतात. कोणत्या पिनेला घड्याळ, कोणत्या तोंडाला काटा, हे त्या यादीवरून मुनिमाला कळते. आणि शेवटी माल ठेवण्याची फडताळे हवीत. ती म्हणजे रूट फाइलसिस्टिम. सारे प्रोग्राम, अक्षरांचे टाइप आणि हिशेब तेथे राहतात. या चार गोष्टी मिळून त्या पाटीची मूळ प्रणाली होते. बिल छापणारा प्रोग्राम या चौघांच्या खांद्यावर उभा असतो.

आता १९७० सालाचे कोडे उलगडते. लिनक्स वेळेची मोजणी १ जानेवारी १९७० पासून करतो. त्या डब्ब्यातल्या पाटीवर सेलवर चालणारे घड्याळ नव्हते. वीज येताच ती इंटरनेटवरून वेळ मागून घेत असे. लाइन बंद असल्यामुळे वेळ मिळाली नाही आणि मोजणी शून्यापासून सुरू झाली. रास्पबेरी पायच्या चौथ्या पिढीपर्यंत पाटीवर हे घड्याळ दिलेलेच नाही. पाचव्या पिढीत ते आले, पण सेल वेगळा लावावा लागतो. घड्याळाची एक छोटी चिप आणि चपटा सेल यांचा खर्च अगदी किरकोळ आहे. डब्बा विकणाऱ्याने तेवढे वाचवले आणि दुकानदाराला भर रमजानात त्याची किंमत मोजावी लागली.

कार्ड का बिघडले, तेही समजून घ्यावे. मेमरी कार्डावर लिहिणे चालू असताना मध्येच वीज गेली तर लिहिलेले अर्धवट राहते, आणि पुन्हा पुन्हा लिहिल्याने कार्ड झिजतेही. आपल्या वऱ्हाडात वीज केव्हा जाईल याचा नेम नाही. म्हणून जाणकार कारागीर मूळ प्रणाली केवळ वाचता येईल अशी बंद करून ठेवतो, तिच्यावर काही लिहिले जात नाही. हिशेबासाठी कार्डाचा वेगळा भाग राखतो आणि त्याची नक्कल रोज रात्री दुसऱ्या जागी पाठवतो. हे करायला फार पैसा लागत नाही. आपल्या गरजेप्रमाणे प्रणाली बांधता येणे मात्र लागते.

प्रणाली बांधणे म्हणजे काय?

येथे आमचा मुख्य मुद्दा येतो. आपल्या बाजारातील दुरुस्तीचे तरुण हुशार आहेत. मोबाइल उघडतील, चिप उतरवून नवी बसवतील. पण डब्ब्याच्या बाबतीत ते एकच इलाज जाणतात. तो म्हणजे चालू कार्डाची नक्कल मारणे. नक्कल म्हणजे दुसऱ्याच्या घरची तयार बिर्याणी डब्यात भरून आणणे. आज पोट भरेल. उद्या मीठ कमी करायचे झाले तर? नुसखा हातात असेल तर आपण मीठही कमी करू, दहा माणसांची शंभर माणसांसाठी करू, आणि आपल्यानंतर मुलगाही करील.

असा नुसखा लिहिण्याची साधने जगात खुली आहेत आणि त्यांना एक पैसा पडत नाही. त्यांत दोन नावे ठळक आहेत. एक बिल्डरूट, जे २००१ सालापासून चालत आले आहे. दुसरे यॉक्टो, जो २०१० साली सुरू झाला. यॉक्टो मोठ्या कारखान्यांच्या कामाचा आहे. त्याला शंभर जीबीच्या घरात मोकळी जागा आणि चांगला ताकदवान संगणक लागतो. छोट्या दुकानाच्या कामाला आणि शिकणाऱ्याला बिल्डरूट सोयीचे. पाटीवर काही बांधावे लागत नाही. साध्या टेबलावरच्या संगणकावर लिनक्स चढवून तेथेच पाटीसाठीची प्रणाली बांधायची, तयार झालेली एकच फाइल कार्डावर उतरवायची आणि कार्ड पाटीत घालायचे.

काम असे चालते. प्रथम आपली पाटी कोणती ते सांगायचे. नेहमीच्या पाट्यांसाठी तयार मांडणी आधीच दिलेली असते. मग 'मेक मेन्यूकॉन्फिग' हा हुकूम द्यायचा. पडद्यावर एक यादी उघडते. त्यात हवे त्यावर खूण करायची, नको ते सोडायचे. कर्नल कोणता, वेळेचा विभाग कोणता, छपाईचे काय, अक्षरांचे टाइप कोणते. ही निवड एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये जतन होते. नंतर 'मेक' एवढा एक हुकूम दिला की यंत्र मूळ संहिता इंटरनेटवरून उतरवून घेते आणि बांधायला बसते. पहिल्या खेपेला अर्ध्या तासापासून काही तास लागतात. चहा प्यावा, नमाज पढून यावे. परत येईपर्यंत काम झालेले असते, किंवा कोठे अडले ते पडद्यावर लिहिलेले असते.

वर सांगितलेला डब्बा राजापेठेतल्याच एका रेडिओ-टीव्ही दुरुस्ती करणाऱ्या तरुणाने आणि बडनेऱ्याला इंजिनिअरिंग शिकणाऱ्या त्याच्या मावसभावाने मिळून नव्याने उभा केला. आम्ही त्यांच्या बाकड्याजवळ बसून ते पाहिले, म्हणून खात्रीने लिहितो. पहिल्या प्रयत्नात पडदा काळाच राहिला. दोघांचे चेहरे उतरले. मग त्यांनी तीन तारा जोडल्या. एक देण्याची, एक घेण्याची, एक जमिनीची. पाटीची देण्याची तार संगणकाच्या घेण्याच्या तारेला लावायची असते आणि जोडणारा खटका ३.३ व्होल्टचाच हवा. ५ व्होल्टचा लावला तर पाटी जळते. तारा जुळताच पाटी बोलू लागली. ओळींमागून ओळी आल्या आणि शेवटी लिहून आले की फडताळांचा कप्पाच सापडत नाही. कार्डाचा दुसरा भाग सांगण्याऐवजी पहिला सांगितला गेला होता. एक आकडा बदलला आणि प्रणाली उठली.

मग दुसरी अडचण. घड्याळाची चिप लावली, पण तारीख पुन्हा १९७०! कर्नलच्या यादीत त्या चिपेवर खूण केलेली नव्हती आणि डिव्हाइस ट्रीमध्ये तिचे नाव नव्हते. मुनिमाला सांगितलेच नाही की भिंतीवर घड्याळ आहे, तर तो पाहणार कसा? ते झाले, तेव्हा तिसरी. इफ्तारच्या वेळचे बिल दुपारी एकचे दिसू लागले. वेळेचा विभाग निवडायचा राहिला होता, म्हणून घड्याळ साडेपाच तास मागे होते. चौथी अडचण छपाईची. बिलाच्या छोट्या छपाईयंत्रात देवनागरी अक्षरे नसतात. म्हणून मराठी किंवा उर्दू मजकुराचे आधी चित्र करायचे आणि ते चित्र छापायचे. जोडाक्षरे आणि नस्तालीक वळणे नीट जुळवणारी साधनेही त्याच यादीत मिळाली. काट्याचे सील तोडण्याचा प्रश्नच आला नाही. वजनमाप खात्याचा शिक्का तसाच राहिला. काट्याच्या मागच्या तोंडातून वजनाचा आकडा फक्त वाचून घेतला. तोही सरळ पाटीला जोडला नाही, मध्ये व्होल्टेज उतरवणारी चिप लावली.

दोघांना दोन महिने लागले. आज त्यांच्याकडे जी फाइल आहे ती वहीच्या चार पानांत मावेल. तीच फाइल, तीच आवृत्ती आणि तीच मूळ संहिता असेल, तर तसाच डब्बा पुन्हा उभा राहतो. याला आम्ही मालकी म्हणतो.

आपल्या मातीतला धडा

"हे मोठ्या शहरांचे काम, आपल्या वऱ्हाडाचे नव्हे," असे आम्हाला एका बुजुर्गांनी सांगितले. त्यांना आम्ही अदबीने एक आठवण करून देऊ इच्छितो. १९८० च्या दशकात अमेरिकेने भारताला हवा तसा सुपरकॉम्प्युटर देण्याचे नाकारले. १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था उभी राहिली आणि १९९१ साली तिने 'परम ८०००' तयार केला. त्या कामाचे नेतृत्व करणारे डॉ. विजय भटकर हे अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर तालुक्याच्या मुरंबा गावचे. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. परममधल्या चिपा परदेशातूनच विकत आणल्या होत्या. त्या चिपा एकमेकींना जोडून त्यांच्याकडून काम करवून घेणारी प्रणाली मात्र आपल्या लोकांनी बांधली. पाटी बाहेरची असली म्हणून कमीपणा नाही. तिच्यावर हुकमत कोणाची, हे महत्त्वाचे. मुरंब्याच्या मातीतून हे होऊ शकते, तर राजापेठेच्या, पठाण चौकाच्या किंवा अकोल्याच्या ताजनापेठेच्या पोरांनी एका बिलाच्या डब्ब्यापुढे हात का टेकावेत?

दुसरा धडा आपल्या घरचा आहे. उर्दू वृत्तपत्रे एके काळी कातिबांच्या हातावर चालत. १९८१ साली पाकिस्तानात नूरी नस्तालीक हा संगणकाचा टाइप आला आणि १९९४ साली दिल्लीतून इनपेज बाजारात आले. काही वर्षांतच कातिबांची बाकडी उठली. ज्यांनी यंत्र शिकून घेतले ते टिकले. ज्यांनी यंत्राला नावे ठेवली त्यांच्या बोटांतली कला त्यांच्याबरोबरच गेली. यंत्र आपल्या दारात विचारून येत नाही. ते आल्यावर आपण त्याचे गिऱ्हाईक होणार की कारागीर, एवढेच आपल्या हातात असते.

हलाल रोजीचा प्रश्न

या विषयाला आणखी एक बाजू आहे, आणि आमच्या वाचकांनी तिच्याकडे विशेष लक्ष द्यावे. आपल्या बाजारात चोरीचे सॉफ्टवेअर सर्रास चालते. "सगळेच वापरतात" असे म्हणून आपण मनाचे समाधान करून घेतो. दुसऱ्याच्या मेहनतीचा माल परवानगीवाचून वापरणे हे काट्यात दांडी मारण्यासारखेच आहे. लिनक्सची गोष्ट वेगळी. १९९१ साली हे काम सुरू झाले आणि ज्या परवान्याखाली ते दिले जाते त्यात वापरणे, बदलणे, विकणे, सगळ्याची मुभा आहे. अट एवढीच, की तुम्ही दुसऱ्याला दिले तर त्याची मूळ संहिताही त्याला मिळाली पाहिजे. म्हणजे येथे चोरी न करता धंदा करता येतो. यापेक्षा अधिक बरकतीचा सौदा कोणता?

ही अट गिऱ्हाइकाच्याही फायद्याची आहे. तुमच्या डब्ब्यात लिनक्स असेल तर त्या भागाची मूळ संहिता मागण्याचा मार्ग तो परवानाच देतो. हे पोकळ बोलणे नाही. २००४ साली जर्मनीत म्युनिकच्या न्यायालयाने या परवान्याचा भंग करणाऱ्या कंपनीला मनाई केली. २००३ साली अमेरिकेतील लिंकसिस कंपनीच्या एका राउटरमध्ये लिनक्स असल्याचे उघड झाले, कंपनीला त्याची मूळ संहिता खुली करावी लागली आणि त्यातून २००४ साली 'ओपनडब्ल्यूआरटी' ही राउटरसाठीची खुली प्रणाली जन्मली. तिच्या बांधणीचा पायाही बिल्डरूटच होता. मात्र विकणाऱ्याने स्वतः लिहिलेला बिलाचा प्रोग्राम त्याचा आहे. तो त्याच्या परवानगीशिवाय उचलू नये. आमच्या दोन तरुणांनी तो उचलला नाही, नवा लिहिला. हक्क मागताना दुसऱ्याचा हक्क विसरू नये.

आणि जे तरुण उद्या असे डब्बे विकतील त्यांनाही चार शब्द. गिऱ्हाईक आपल्याकडेच अडकून राहावे म्हणून गुप्त कुलूप घालू नका. सगळ्या डब्ब्यांना एकच पासवर्ड ठेवून जाऊ नका. गिऱ्हाइकाचा हिशेब ही अमानत आहे. डब्बा बंद पाडून पैसे काढणारा एकदाच कमावतो. नुसखा हातात देऊन जाणारा मात्र दर वर्षी बोलावला जातो.

जे आक्षेप घेतले जातात

पहिला आक्षेप असा, की तयार प्रणाली फुकट मिळत असताना बांधायची कशाला? आक्षेप खोटा नाही. घरी शिकण्यासाठी, मुलांच्या प्रयोगासाठी तयार प्रणालीच बरी. लहान टपरीवाल्याला तर डब्बाही नको, मोबाइल पुरेसा आहे. पण जो डब्बा चार-पाच वर्षे धूळ खात, विजेचे धक्के खात एकच काम करणार, त्याच्यात नको असलेल्या शंभर गोष्टी कशाला? जेवढे कमी, तेवढे बिघडायला कमी. तयार प्रणाली काही जीबींची असते. कामापुरती बांधलेली प्रणाली थोड्या एमबीत बसते, चटकन उठते आणि वाचण्यापुरती बंद करून ठेवणे सोपे जाते.

दुसरा आक्षेप भाषेचा. सगळे इंग्रजीत आहे, हे खरे. पण मुंबईच्या आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल' उपक्रमात लिनक्सचे आणि प्रोग्रामिंगचे प्राथमिक धडे मराठीतूनही ऐकायला मिळतात, तेही फुकट. तेथून पाया घालावा. पुढचे इंग्रजी हे धंद्यातल्या शब्दांचे इंग्रजी आहे. मोटार मेकॅनिकने गिअर, क्लच शिकले तसे तेही जमते.

तिसरा आक्षेप पैशाचा. एक जुना चांगला संगणक, एक पाटी, दोन कार्डे आणि तीन तारांचा खटका, एवढेच भांडवल. यासाठी सूदवर कर्ज काढण्याची गरज नाही. पाच दुकानदारांनी मिळून एक बाकडे मांडून दिले तरी पुरे. आपल्या जमाती आणि शैक्षणिक संस्था दर वर्षी संगणकाचे प्रमाणपत्र देणारे वर्ग चालवतात. त्यातल्या एका वर्गाच्या खर्चात असे एक बाकडे सहज उभे राहील. प्रमाणपत्र भिंतीवर लागते. बाकड्यावर शिकलेला हात घर चालवतो.

व्यापारी बांधवांनी काय मागावे?

ज्यांना स्वतः काही बांधायचे नाही त्यांनी निदान डब्बा घेताना पाच गोष्टी मागाव्यात, आणि बिल चुकते करण्याआधी मागाव्यात.

पहिली, प्रणालीच्या निवडीची फाइल, म्हणजेच नुसखा. दुसरी, उतरवून घेतलेल्या मूळ संहितेचा पूर्ण साठा एका डिस्कवर. कारण आज इंटरनेटवर असलेली गोष्ट पाच वर्षांनी तेथेच सापडेल असे नाही. तिसरी, कोणती पाटी, कोणती आवृत्ती, कोणती तार कोठे, याचे एक पान, मराठीत लिहिलेले. चौथी, त्याच नुसख्यातून आपल्या डोळ्यांदेखत तयार करून चालवून दाखवलेले जादा कार्ड. पाचवी, हिशेबाची रोजची नक्कल डब्ब्याबाहेर कोठे जाते त्याचा पत्ता. आणि घड्याळाचा सेल आहे की नाही हे तोंडी विचारू नये. इंटरनेट काढून, वीज बंद-चालू करून एक बिल छापून पाहावे.

डब्बा जुन्या ३२ बिटांच्या पाटीचा असेल तर आणखी एक विचारावे. वेळेचा जुना ३२ बिटांचा आकडा १९ जानेवारी २०३८ रोजी भरून जातो आणि त्यानंतर तारीख मागे पडते. आजच्या बांधणीत ६४ बिटांचा आकडा निवडून हे टाळता येते. वजनकाटा आणि बिलाचा डब्बा आपल्याकडे दहा-बारा वर्षे सहज चालवतात, तेव्हा २०३८ फार लांब नाही.

राजापेठेतल्या त्या दुकानदाराने आता दोन गोष्टी केल्या आहेत. नव्या डब्ब्याच्या नुसख्याची डिस्क तिजोरीत ठेवली आहे, आणि लाल खातेवही पुन्हा सुरू केली आहे. रात्री दुकान वाढवताना काउंटरवरचा तोच पोरगा दिवसभराची उधारी डब्ब्यावरून वहीत उतरवून घेतो. वीज असो वा नसो, ती वही उघडते. आमच्या मते ही समजूतदारी आहे. ज्या दोन तरुणांनी तो डब्बा बांधला त्यांच्याकडे आता शेजारच्या दुकानदारांची विचारणा येऊ लागली आहे. त्यांना काम द्यावे, त्यांच्या हाताखाली आपली मुले बसवावीत आणि त्यांनी वेळ मागितला तर द्यावा, एवढीच आमची बाजाराला विनंती आहे.

अल्लाह आपल्या हुनरात आणि रोजीत बरकत देवो. आमीन.